शेवटची नोंद खरी कशावरून?

मोबाइल ॲपमधला स्थानिक डेटाबेस आणि सर्व्हरवरचा मध्यवर्ती डेटाबेस यांचा ताळमेळ राखण्याच्या कामाला, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला ‘सिंक’ म्हणतात त्या कामाला, एक सूत्र सर्रास लावले जाते. एकाच नोंदीत दोन ठिकाणी दोन वेगळे बदल झाले असतील, तर ज्या बदलावर नंतरची वेळ आहे तो ठेवावा आणि दुसरा टाकून द्यावा, असे ते सूत्र आहे. ‘शेवटची नोंद खरी’ हे त्याचे सार. ते चार ओळींत लिहिता येते, त्याने सर्व प्रती अखेरीस एकसारख्या होतात आणि वापरणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. त्यामुळे ते फारसा विचार न करता स्वीकारले जाते आणि कोणी हरकत घेतलीच, तर ‘असे प्रसंग क्वचित येतात’ एवढ्यावर तिची बोळवण होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हे सूत्र दोन बदलांमधला विरोध सोडवत नाही, तर विरोध झाल्याचा पुरावा पुसून टाकते. आणि ज्या नोंदीवर कोणाचा हिशेब, हक्क किंवा औषधोपचार अवलंबून आहे तिथे ते लावणे ही कर्तव्यात कसूर आहे.

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो नेटवर्क नसतानाही ॲप चालले पाहिजे या रास्त अपेक्षेतून. त्यासाठी फोनमध्येच एक छोटा डेटाबेस ठेवलेला असतो. बहुधा तो एसक्यूलाइट असतो, डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींत अंगभूत आहे. वापरणारा जे लिहितो ते आधी या डेटाबेसमध्ये उतरते, मग सर्व्हरकडे पाठवायच्या बदलांच्या रांगेत लागते, आणि नेटवर्क मिळाले की पुढे जाते. दरम्यान तीच नोंद दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही असते आणि तीही बदलत असते. दोन्ही फोन नेटवर्कमध्ये आले, की सर्व्हरला निवाडा करावा लागतो. हा निवाडा कोणत्या आधारावर करायचा, एवढाच वादाचा मुद्दा आहे, आणि ‘शेवटची नोंद खरी’ म्हणणाऱ्यांनी त्यासाठी निवडलेला आधार म्हणजे घड्याळ.

घड्याळ कोणाचे, हा पहिला आक्षेप. फोनचे घड्याळ घेतले, तर ते वापरणारा हाताने हवे तसे फिरवू शकतो, आणि बराच काळ नेटवर्कबाहेर राहिलेल्या फोनचे घड्याळ आपोआपही थोडे मागेपुढे सरकते. ज्या फोनचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, त्याचा प्रत्येक बदल दुसऱ्याने पुढच्या दहा मिनिटांत केलेल्या बदलावर मात करतो. म्हणजे ज्याचे घड्याळ चुकले आहे त्यालाच हा नियम झुकते माप देतो. याहून गंभीर प्रकार तारीखच चुकलेल्या फोनचा. अशा एखाद्या फोनवरून २०३५ सालची वेळ लागलेली नोंद सर्व्हरवर गेली, की त्यानंतर योग्य तारखेने केलेली प्रत्येक दुरुस्ती ‘जुनी’ ठरून नाकारली जाते, आणि एक चुकीची नोंद वर्षानुवर्षे दुरुस्त न होणारी बनते. ती दुरुस्त का होत नाही हे दुरुस्ती करणाऱ्याला कळण्याची सोयही नसते, कारण त्याच्या फोनवर दुरुस्ती झालेली दिसते आणि पुढच्या सिंकमध्ये गुपचूप परतवली जाते.

यावर उत्तर दिले जाते, की मग फोनचे घड्याळ सोडून सर्व्हरचे घड्याळ वापरावे. परंतु सर्व्हरला बदल कधी पोहोचला एवढेच माहीत असते. तो कधी केला गेला हे माहीत नसते. समजा, एका फोनवर सोमवारी एक नोंद झाली आणि तो फोन गुरुवारपर्यंत नेटवर्कबाहेर राहिला. दरम्यान बुधवारी दुसऱ्या कोणी प्रत्यक्ष पाहणी करून तीच नोंद दुरुस्त केली आणि ती लगेच सर्व्हरवर गेली. गुरुवारी पहिला फोन नेटवर्कमध्ये येताच सोमवारची शिळी माहिती बुधवारच्या दुरुस्तीवर चढून बसते. या पद्धतीत ज्याला नेटवर्क सर्वांत उशिरा मिळाले तो जिंकतो, आणि उशिरा नेटवर्क मिळणे याचा माहितीच्या खरेपणाशी काडीचाही संबंध नाही.

घड्याळावरचा हा भरवसा आणखी एका जागी घात करतो. सर्व्हरवरचे नवे बदल फोनमध्ये आणताना पुष्कळ ॲपे ‘अमुक वेळेनंतर बदललेल्या ओळी पाठव’ अशी मागणी करतात. आता सर्व्हरवर एक व्यवहार १० वाजून ५ सेकंदांनी सुरू झाला, त्याने ओळीवर तीच वेळ लिहिली, पण तो पूर्ण होऊन इतरांना दिसू लागला १० वाजून ९ सेकंदांनी, असे समजू. मधल्या क्षणी, १० वाजून ७ सेकंदांनी, एखाद्या फोनने मागणी केली, तर त्याला ही ओळ दिसत नाही. आणि पुढच्या खेपेस तो ‘१० वाजून ७ सेकंदांनंतरचे दे’ असे म्हणतो, तेव्हा ५ सेकंदांची वेळ लागलेली ही ओळ त्या मागणीत बसत नाही. ती ओळ पुन्हा बदलेपर्यंत त्या फोनवर येतच नाही. इथे घड्याळ एकच आहे आणि ते अचूक आहे, तरीही माहिती हरवते. कारण वेळ लिहिली जाण्याचा क्षण आणि बदल दिसू लागण्याचा क्षण हे वेगळे आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालीच दाखवून दिली होती. एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम लावताना खात्रीने एवढेच सांगता येते, की एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोहोचू शकली होती की नाही. पोहोचू शकली असेल तर पहिली आधीची आणि दुसरी नंतरची. दोहोंपैकी कोणाचीच खबर दुसरीला नसेल तर त्या समांतर, म्हणजे आधी-नंतरच्या नात्यातच नसलेल्या घटना. नेटवर्कबाहेर असलेल्या दोन फोनांवर झालेले बदल हे याच दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांपैकी ‘शेवटचा’ कोणता हा प्रश्न अवघड आहे असे नव्हे, तर त्या प्रश्नाला ज्ञानाच्या दृष्टीने उत्तरच नाही, आणि घड्याळाचे आकडे लावून मिळवलेले उत्तर हे नाणेफेकीहून फारसे वेगळे नाही.

तरीही वादापुरते असे धरू, की सर्व फोनांची घड्याळे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक आहेत. तेवढ्याने सूत्र टिकत नाही, कारण नंतर लिहिलेले म्हणजे अधिक खरे, हे गृहीतकच चुकीचे आहे. धान्याच्या एका दुकानाचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. गोदामात गव्हाची ५० पोती आहेत, आणि ती संख्या दुकानातल्या दोघांच्या फोनमध्ये आहे. नेटवर्क नसताना एकाने ८ पोती विकली व त्याच्या फोनने शिल्लक ४२ लिहिली. दुसऱ्याने ५ विकली व त्याच्या फोनने ४५ लिहिली. दोघेही खरे बोलत आहेत. सिंक झाल्यावर सर्व्हरवर ४२ राहील किंवा ४५ राहील. प्रत्यक्ष गोदामात मात्र ३७ पोती असतील. या नियमाने दोन खऱ्या माहितींतून एक खोटी संख्या तयार केली, आणि ती सर्व फोनांवर एकसारखी पोहोचवली. सर्व प्रती जुळल्या हे खरे. पण त्या एका असत्यावर जुळल्या.

मराठी व्यापाऱ्यांच्या पेढीवर ही चूक होत नसे, कारण तिथे कीर्द आणि खतावणी या दोन वेगळ्या वह्या असत. व्यवहार घडेल तसा कीर्दीत उतरे, कीर्दीवरून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई, आणि शिल्लक त्यावरून काढली जाई. शिल्लक ही लिहायची गोष्ट नव्हे, काढायची गोष्ट आहे, हे तत्त्व त्या पद्धतीत पक्के होते. आणि चूक झाली तर आधीची नोंद खोडण्याऐवजी उलटी नोंद घालणे ही चांगल्या हिशेबनिसाची रीत होती. सिंक करताना हेच करावे लागते: फोनने ‘शिल्लक ४२’ अशी परिस्थिती पाठवू नये, ‘८ पोती विकली’ अशी घटना पाठवावी. मग ८ आणि ५ या दोन्ही घटना सर्व्हरवर जमा होतात, त्या कोणत्याही क्रमाने आल्या तरी शिल्लक ३७ च निघते, आणि कोणाला तरी हरवण्याची वेळच येत नाही.

संख्येत जे होते तेच मजकुरातही होते, फक्त ते चटकन दिसत नाही. एका बालकाच्या आरोग्यनोंदीत आरोग्यसेविकेने लसीची तारीख भरली, आणि त्याच सुमारास आशा कार्यकर्तीने आपल्या फोनवर त्याच नोंदीतला आईचा मोबाइल क्रमांक बदलला, असे समजू. दोघींनी वेगवेगळ्या रकान्यांना हात लावला आहे, त्यामुळे त्यांच्यात खरा विरोध काहीच नाही. पण ॲप जर पूर्ण ओळच पाठवत असेल, तर आशाच्या फोनवरून गेलेल्या ओळीत लसीचा रकाना कोरा आहे, आणि ती ओळ नंतरची ठरली की सर्व्हरवरची लसीची तारीखही कोरी होते. त्या बाळाला लस मिळाली आहे, मात्र दप्तरी ती मिळालेली नाही. त्याला पुन्हा बोलावले जाईल किंवा पुढच्या मात्रेचा हिशेब चुकेल, आणि ज्या आरोग्यसेविकेने नोंद वेळेवर केली होती तिलाच जाब विचारला जाईल. तिच्या बाजूने साक्ष देणारी एकमेव गोष्ट म्हणजे तिने भरलेली तारीख, आणि तीच या सूत्राने नष्ट केलेली असते.

सूत्राच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद ‘असे प्रसंग क्वचित येतात’ हा आहे, आणि त्याला पुराव्याचा आधारही आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘कोडा’ या फाइल-व्यवस्थेत, नेटवर्क तुटलेले असतानाही फायलींवर काम करता यावे अशी सोय होती. तिच्यावरच्या १९९२ सालच्या निबंधात जेम्स किस्लर आणि महादेव सत्यनारायणन यांनी मोजणी मांडली, की फायलींतील ९९ टक्क्यांहून अधिक बदल हे आधी ज्याने बदल केला त्यानेच पुन्हा केलेले होते. मात्र या आकड्याचा आधार घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही, की ती मोजणी विद्यापीठातल्या फायलींची होती, आणि तिथे एक फाइल बहुधा एकाच व्यक्तीची असते. दुकानाचा साठा, रुग्णाची नोंद किंवा पोहोचवायच्या मालाची यादी ही मुळातच अनेकांनी मिळून हाताळायची वस्तू आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्वतः ही मोजणी करणाऱ्यांनी तिच्या जोरावर ‘शेवटची नोंद खरी’ असा नियम केला नाही. कोडामध्ये विरोध ओळखला जात असे, आणि सामावून घेता न आलेले बदल वापरणाऱ्याच्या यंत्रावरच एका फाइलमध्ये जपून ठेवले जात. विरोध क्वचित येतो म्हणून तो जपून हाताळणे परवडते, हा त्या आकड्याचा योग्य अर्थ आहे. क्वचित येतो म्हणून तो नजरेआड करावा, हा नव्हे.

शिवाय ‘क्वचित’ हे कोणी मोजले, हाही प्रश्न उरतोच. ज्या ॲपमध्ये हरलेला बदल कोणतीही खूण न ठेवता नाहीसा होतो, त्या ॲपकडे किती बदल हरले याचा हिशेबच नसतो. तक्रारी येत नाहीत याचा अर्थ नुकसान होत नाही असा काढता येत नाही, कारण ज्याची नोंद गेली त्याला बहुधा ती आपल्याच हातून राहिली असे वाटते.

नोंद काढून टाकण्याच्या प्रसंगी हे सूत्र आणखी उघडे पडते. ओळ डेटाबेसमधून समूळ काढली, तर ती काढल्याची वेळ लिहायला जागाच उरत नाही; मग ज्या फोनवर ती ओळ अजून आहे तो तिला नवी समजून पुन्हा वर पाठवतो, आणि मेलेली नोंद जिवंत होते. म्हणून काढलेल्या ओळीच्या जागी ‘ही काढली आहे’ अशी खूण ठेवावी लागते. तिला या क्षेत्रात टूम्बस्टोन, म्हणजे समाधीचा दगड, म्हणतात. हे दगड कायमचे साठवणे महाग पडते म्हणून काही काळाने तेही हटवले जातात. घड्याळाच्या आधारेच बदल निवडणाऱ्या कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये ही मुदत, वेगळी ठरवली नाही तर, १० दिवसांची असते. तिथे ती मुदत सर्व्हरांच्या आपसांतल्या ताळमेळासाठी आहे, आणि सर्व्हर सहसा इतके दिवस बंद राहत नाहीत. फोन मात्र सुट्टीत, दुरुस्तीत किंवा दुसऱ्या गावी महिना महिना बंद राहू शकतो. तेव्हा अशी मुदत उलटून गेलेल्या फोनला आपले बदल सरसकट वर ढकलू न देता, आधी सर्व्हरवरची ताजी स्थिती पूर्ण घ्यायला लावणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

समर्थकांची आणखी एक हरकत मात्र विचार करण्याजोगी आहे. ती अशी, की ‘शिल्लक ४२’ हे वाक्य दहा वेळा पाठवले तरी शिल्लक ४२ च राहते. ‘८ पोती विकली’ हे वाक्य चुकून दोनदा पोहोचले तर १६ पोती वजा होतात. आणि ते दोनदा पोहोचणे अगदी शक्य आहे. फोनने बदल पाठवला, सर्व्हरने तो नोंदवला, पण सर्व्हरची पोच परत येताना नेटवर्क गेले, तर बदल पोहोचला की नाही हे फोनला कळत नाही आणि तो पुन्हा पाठवतो. हरकत खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रत्येक घटनेला ती घडते त्याच क्षणी फोनवरच एक जगावेगळा क्रमांक द्यावा. १२८ बिटांचा यूयूआयडी त्यासाठीच असतो आणि तो तयार करायला सर्व्हरला विचारावे लागत नाही. घटना आणि तिचा क्रमांक सर्व्हरने एकाच व्यवहारात नोंदवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काहीही न बदलता आधीचीच पोच द्यावी. पावतीपुस्तकात छापील क्रमांक असतो तो याचसाठी.

राहिला प्रश्न खऱ्या विरोधाचा, म्हणजे दोघांनी एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या तर काय करायचे हा. इथे समर्थक म्हणतात, की दुसरा पर्याय म्हणजे एक तर वापरणाऱ्याला सतत प्रश्न विचारून हैराण करणे, नाही तर संशोधनातली जड यंत्रणा आणणे. जड यंत्रणा म्हणताना त्यांचा रोख सीआरडीटीवर असतो. मार्क शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या या रचना अशा बेतलेल्या असतात, की बदल कोणत्याही क्रमाने आले तरी सर्व प्रती आपोआप एकाच स्थितीला पोहोचतात. त्या सर्वत्र लागत नाहीत हे मान्य करायला हवे, आणि त्या सर्व प्रश्न सोडवत नाहीत हेही: शेवटचे एकच पोते दोघांनी विकले, तर सर्व प्रती ‘उणे एक’ या आकड्यावर प्रामाणिकपणे जुळतील, पण दुसरे पोते कुठूनही येणार नाही. तरीही समर्थक ज्या दोन टोकांतून निवड करायला सांगतात, त्यांच्या मधली वाट मोकळी आहे, आणि ती पुष्कळ आधीपासून मळलेली आहे.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘बेयू’ या व्यवस्थेवरचा निबंध १९९५ सालचा आहे, आणि त्यातले उदाहरण बैठकीची खोली राखून ठेवण्याचे आहे. तिथे प्रत्येक बदलासोबत दोन गोष्टी जात: हा बदल कोणत्या अटीवर केला आहे, उदाहरणार्थ खोली त्या वेळी रिकामी आहे या अटीवर, आणि अट मोडली असेल तर काय करावे, उदाहरणार्थ पुढची मोकळी वेळ घ्यावी. एका मुख्य सर्व्हरने क्रम ठरवेपर्यंत आरक्षण ‘तात्पुरते’ असे, आणि तो ठरला की ‘कायम’ होई. आपले आरक्षण यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे वापरणाऱ्याला दाखवता येत असे. साध्या ॲपला एवढेही लागत नाही. फोनने बदल पाठवताना ‘हा बदल नोंदीच्या सातव्या आवृत्तीवर केला आहे’ एवढे सांगितले, की सर्व्हरवर अजून सातवीच आवृत्ती असेल तर बदल निर्धास्त स्वीकारता येतो. आठवी असेल तर विरोध आहे हे घड्याळाला न विचारता कळते. मग रकाने वेगळे असतील तर दोन्ही बदल एकत्र करावेत, आणि रकाना एकच असेल तर दोन्ही म्हणणी जपून ठेवून ज्याला अधिकार आहे त्याच्यासमोर ती मांडावीत. काउचडीबी हा डेटाबेस हरलेली आवृत्तीही बाजूला ठेवतो, ती याच विचाराने. अशा रीतीने गाळत आल्यावर माणसाला विचारण्याजोगे प्रसंग मोजकेच उरतात, आणि जे उरतात ते विचारलेच पाहिजेत असे असतात.

‘शेवटची नोंद खरी’ हे सूत्र कुठेच चालत नाही असे या लेखाचे म्हणणे नाही. ॲमेझॉनच्या ‘डायनॅमो’ या व्यवस्थेवरच्या २००७ सालच्या निबंधात ग्राहकाच्या चालू सत्राच्या माहितीसाठी घड्याळाचा नियम पुरेसा मानला आहे, आणि त्याच निबंधात खरेदीच्या टोपलीसाठी मात्र दोन्ही आवृत्त्या ठेवून त्या एकत्र करण्याची पद्धत सांगितली आहे. त्यात काढून टाकलेली वस्तू कधी कधी टोपलीत परत दिसते हा दोष पत्करला आहे, पण टोपलीत घातलेली वस्तू हरवू दिलेली नाही. ॲपचा रंग, अक्षराचा आकार, शेवटचा उघडलेला पडदा यांना घड्याळाचा नियम लावायला हरकत नाही. हरकत आहे ती कोणत्या माहितीला कोणता नियम लागतो हा विचार न करता सर्व माहितीला तोच लावण्याला.

महाराष्ट्रात जमिनीच्या कागदपत्रांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा भेद नवा नाही. सातबारावर आजची स्थिती दिसते. पण ती तिथे थेट लिहिली जात नाही. बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, स्वतःच्या क्रमांकाने उतरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये लिहिली जाते, आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो बदल सातबारावर पक्का होतो. घटनेला स्वतंत्र क्रमांक, प्रमाणित होईपर्यंत तात्पुरती अवस्था, आणि हरकतीसाठी राखून ठेवलेली जागा, ही सिंकला लागणारी तिन्ही अंगे या कागदी पद्धतीत आहेत. दोन वारसांनी अर्ज केले तर ज्याचा अर्ज नंतर आला त्याच्या नावे जमीन लावून पहिल्याचा अर्ज फाडून टाकावा, असे तिथे कोणी सुचवणार नाही.

म्हणून ॲप बांधणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. फोनच्या पडद्यावर ‘जतन झाले’ असे दाखवणे हे वापरणाऱ्याला दिलेले वचन आहे, आणि नेटवर्क नसताना उन्हात उभे राहून नोंद भरणाऱ्याने ते वचन खरे मानलेले असते. ते पाळायचे, तर प्रत्येक बदलासोबत त्याचा स्वतंत्र क्रमांक आणि तो कोणत्या आवृत्तीवर केला तो आकडा पाठवावा, आणि सर्व्हरवर न स्वीकारलेल्या बदलांचा एक तक्ता ठेवावा. त्यात तो बदल, तो करणारा आणि न स्वीकारण्याचे कारण असावे, आणि ते त्या माणसाला त्याच्या फोनवर वाचता यावे. असा तक्ता ठेवून सहा महिन्यांनी त्यातल्या ओळी मोजाव्यात. त्या खरोखरच नगण्य निघाल्या, तर विरोध क्वचित येतो हे म्हणणे त्या ॲपपुरते सिद्ध होईल. ती मोजणी होईपर्यंत मात्र ते एक गृहीतक आहे, आणि त्याची किंमत ज्यांच्या नोंदी नाहीशा होतात ते मोजत आहेत.